कुंडीतल्या अबोलीची फुलं कमी झाली? आधी मुळं बघा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आईने वेंगुर्ल्याहून दिलेलं अबोलीचं रोप पुण्यात गच्चीवर बारा इंची कुंडीत लावून तीन वर्षं झाली. पहिल्या वर्षी कणसामागून कणीस येत होतं. आता पानं पिवळी, कणसं बोटाच्या पेराएवढी आणि आठवड्याला जेमतेम पाच-सहा फुलं. शेणखत, डीएपी, गावाहून आणलेली राख, अंड्याची टरफलं, सगळं घालून झालं. आता कुठलं टॉनिक फवारू, असं तुम्ही विचारलंय. शिवाय गणपतीत आई येतील तेव्हा घरच्या अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा, त्यांच्या केसात माळायचाय.

टॉनिक काहीही फवारू नका. मी कुडाळजवळ २६ वर्षं रोपवाटिका चालवतो आणि अबोली पहिल्या दिवसापासून लावतोय. माझ्या अनुभवात अबोली पानाफुलांवरून जे सांगते, ते बहुतेक वेळा मातीखाली घडलेलं असतं. तुमच्या वर्णनावरून मला तीन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या दिसतात: मातीचा चुनखडीपणा, मुळांची अवस्था आणि झाडाचं वय. यातली कुठली किती, ते झाड न बघता सांगता येणार नाही. पाणी नळाचं घालता की बोअरचं, गच्चीवर ऊन सकाळचं येतं की दुपारचं, हेही तुम्ही लिहिलेलं नाही. म्हणून तुमचं तुम्हालाच कसं ओळखता येईल, ते सांगतो.

पिवळेपणा नीट बघा. शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र जाळी काढल्यासारख्या हिरव्या, असं असेल तर झाडाला लोह मिळत नाहीये. उलट शेंडा हिरवा आहे आणि खालची जुनी पानं अख्खी पिवळी पडून गळतायत, तर नत्र कमी पडतंय किंवा मुळं ते उचलत नाहीयेत. माती ओली असूनही झाड रोज दुपारी मान टाकत असेल, तर मुळं कुजायला लागली आहेत. आणि पिवळेपणा बेताचाच, पण पानं दिवसेंदिवस लहान, पेरं आखूड, झाड वर्षभर आहे तेवढंच, असं असेल तर सूत्रकृमीचा, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक कृमींचा संशय घ्या.

पुण्याच्या कुंडीत मला पहिला प्रकार सर्वांत जास्त भेटतो. आमच्याकडे सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तरी तुळशीमागे, विहिरीच्या कडेला, बांधावर लावलेली अबोली कुजत नाही, कारण जांभ्याच्या मातीत पाणी थांबत नाही. शिवाय ही माती आंबट असते आणि आंबट मातीतलं लोह झाडाला सहज मिळतं. तुमच्याकडे कुंडीत साधारणपणे काळी माती येते, तिच्यात चुनखडीचे खडे असतात. त्यात बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी पडलं की माती आणखी खारट-चुनखट होते. लोह मातीत असतं, पण झाडाला उचलता येत नाही. अशा मातीत राख आणि अंड्याची टरफलं घालणं म्हणजे चुन्यात चुना मिसळणं. तुम्ही झाडाच्या भल्यासाठीच घातलंत, पण अबोलीला त्याचा त्रासच झाला असणार. दोन्ही आजपासून बंद करा. कुंडीच्या कडेला किंवा मातीवर पांढरी, पापुद्र्यासारखी खर दिसत असेल, तर ती बुरशी नव्हे, साठलेला क्षार आहे असं समजा.

लोहाची कमतरता असेल तर हिराकस वापरा. किराणा-रसायनांच्या दुकानात किंवा कृषी केंद्रात फेरस सल्फेट म्हणून मिळतं. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम, ऊन उतरल्यावर पानांवर बारीक फवारा, दहा-बारा दिवसांच्या अंतराने दोन-तीन वेळा. द्रावण ताजंच वापरायचं. तांबूस पडलं की त्याचा उपयोग गेला. आणि फवारताना खाली काहीतरी अंथरा, फरशीवर गंजाचे डाग पडले की निघत नाहीत. नवी पानं हिरवी येऊ लागली की निदान बरोबर होतं. जुनी पिवळी पानं परत हिरवी होतील अशी वाट बघू नका.

हा मात्र तात्पुरता उपाय झाला. खरं काम कुंडी उलटी करण्याचं आहे, आणि तेच लोक टाळतात. झाड दुखावेल अशी भीती वाटते. माती थोडी सुकू द्या, बुंधा दोन बोटांच्या बेचक्यात धरून कुंडी आडवी करा, कडेला दोन-चार थापा मारा, गड्डा अलगद बाहेर येतो. मुळं पांढरट-पिवळसर, भरपूर, आणि कुंडीच्या आकाराची गोल वेटोळी घेतलेली असतील तर झाड निरोगी आहे, त्याला फक्त जागा उरलेली नाही. मुळं तपकिरी, बोटांत धरून ओढल्यावर साल सुटून आत दोऱ्यासारखा गाभा राहत असेल, वास कुबट असेल, तर कूज आहे. मुळांवर मोहरी-ज्वारीएवढ्या गाठी असतील, घासूनही निघत नसतील, तर गाठी करणारे सूत्रकृमी आहेत. गाठी नाहीत पण मुळांवर काळपट चट्टे आणि बारीक तंतुमुळं जवळजवळ नाहीतच, हे दुसऱ्या जातीच्या सूत्रकृमीचं काम असू शकतं. अबोलीला दोन्ही छळतात. त्यांनी पाडलेल्या जखमांतून मग मर रोगाची बुरशी आत शिरते आणि उभं झाड आठ-पंधरा दिवसांत वाळतं.

हा धडा मी महागात शिकलो. सुरुवातीच्या वर्षांत वांगी काढलेल्या वाफ्यात मी अबोलीची चारशे रोपं लावली. वाफा तयार, खतवलेला, म्हटलं मेहनत वाचली. पहिली तोड छान झाली, दुसऱ्या पावसाळ्यानंतर एकेक झाड खुरटत गेलं. मी खत वाढवत राहिलो, तुम्ही वाढवलंत तसंच. शेवटी एक झाड उपटून बघितलं तर मुळं गाठींनी भरलेली. वांग्याला होते तेच सूत्रकृमी अबोलीला लागले होते. चारशेपैकी साठ झाडंही राहिली नाहीत. त्यानंतर वांगी, टोमॅटो, भेंडी झालेल्या जागेत मी अबोली लावत नाही. लावायचीच वेळ आली तर आधी एक हंगाम झेंडू घेतो आणि तो तिथेच गाडतो, किंवा एप्रिल-मेमध्ये वाफा भिजवून त्यावर पारदर्शक प्लास्टिक सहा आठवडे ताणून ठेवतो, म्हणजे माती उन्हाने तापून निघते. तुमच्या कुंडीत आधी टोमॅटो किंवा वांगं होतं का, ते आठवून बघा. जुनी माती परत वापरण्याची सवय गच्चीवरच्या बागेत फार असते.

मुळांवर गाठी निघाल्या तर मन घट्ट करून ते झाड आणि ती माती टाकून द्या, दुसऱ्या कुंडीत मिसळू नका. पण आईची अबोली त्याने संपत नाही. सूत्रकृमी मुळांत असतात, शेंड्यात नसतात. वरच्या फांद्यांची छाट कलमं घेतलीत तर तेच झाड स्वच्छ मुळांवर नव्याने उभं राहतं. मुळं निरोगी निघाली तरीही कलमं घ्याच. दक्षिणेत तमिळनाडू, कर्नाटक, आंध्रात अबोलीची शेती होते, कनकांबरम म्हणतात तिला, आणि तिथले शेतकरीसुद्धा एकच लागवड फार वर्षं ठेवत नाहीत. दोन-तीन वर्षांनी फूल उतरतं. कुंडीत तर झाड आणखी लवकर म्हातारं होतं. तुमचं तीन वर्षांचं आहे.

कलमाला आत्ताचे दिवस, मृगापासून श्रावणापर्यंतचे, सगळ्यांत चांगले. ज्या फांदीला कणीस नाही अशी, ना अगदी कोवळी ना करकरीत जून, वीतभराहून थोडी कमी घ्या. खालची दोन पेरं मोकळी करा, वरची दोन-चार पानं ठेवा, पानं मोठी असतील तर अर्धी कापा. नुसत्या कोकोपीटमध्ये किंवा धुतलेल्या जाड वाळूत एक पेर आत जाईल अशी खोचा. सावलीत ठेवा, माध्यम ओलसर हवं, चिखल नको. तीन-चार आठवड्यांत मुळं सुटतात. दहा लावली तर माझ्याकडे सात-आठ लागतात. तुमच्याकडे पहिल्या खेपेला पाच लागली तरी पुष्कळ झाली.

बियांचं तुम्ही विचारलंय, तर ते तुमची अबोली कुठली आहे त्यावर आहे. गावठी केशरी अबोलीला बी धरतं. पण बाजारात गडद, भरगच्च फुलांची जी 'दिल्ली' अबोली म्हणतात, तिच्या पेशींत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात, त्यामुळे तिला बी धरत नाही, ती कलमानेच वाढवावी लागते. फुलं गळून गेल्यावर कणीस झाडावर तसंच ठेवून बघा. खवल्यांच्या आत टणक, तपकिरी, टोकदार बोंडं दिसली तर बी आहे. बोंडं पूर्ण वाळली की कणसाला मलमलीची पुरचुंडी बांधा. अबोलीचं वाळकं बोंड पाण्याचा थेंब लागला की तडकन फुटतं आणि आतलं बी लांब फेकतं. मृगाची पहिली सर आली की आमच्या अंगणात संध्याकाळभर तडतड ऐकू येते. लहानपणी आम्ही वाळकी बोंडं वाटीतल्या पाण्यात टाकून बघत बसायचो. नाव अबोली, पण बी मात्र पावसाची चाहूल लागताच बोलतं, आणि त्यात त्याचा हिशोब आहे: जमीन ओली झाल्याशिवाय ते बाहेरच पडत नाही. बी ताजंच पेरा, जुनं उगवत नाही असा माझा अनुभव आहे. बियांची रोपं आईच्या झाडासारखीच निघतील असं नाही, रंग फिका-गडद होऊ शकतो. तेच झाड हवं असेल तर कलम.

आता कुंडी. मुळं चांगली असतील तर गड्ड्याची बाहेरची वेटोळी एक बोटभर जाडीने कापून टाका, झाड वरून एक तृतीयांश छाटा, आणि नव्या मातीत बसवा. मी लाल माती दोन भाग, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत एक भाग, जाड वाळू किंवा कोकोपीट एक भाग घेतो आणि बारा इंची कुंडीला दोन मुठी निंबोळी पेंड मिसळतो. तुमच्याकडे लाल माती नर्सरीत पोत्याने मिळते. काळी वापरावीच लागली तर अर्ध्याहून जास्त नको. तळाच्या भोकावर खापराचा तुकडा पालथा ठेवा आणि पावसाळ्यात कुंडीखालची ताटली काढून टाका. कूज निघाली असेल तर काळी मुळं स्वच्छ कात्रीने कापा, झाड अर्ध्यावर छाटा, आणि नवीन पालवी दिसेपर्यंत खत अजिबात नको, पाणीही बेतानेच.

उन्हाचं थोडक्यात सांगतो. अबोलीला सकाळचं चार-पाच तास ऊन पुरतं, दुपारी गाळीव सावली असली तर उत्तम. पूर्ण सावलीत पानं हिरवीगार राहतात, कणसं येत नाहीत. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरची कुंडीच तापते आणि मुळं शिजतात, तेव्हा कुंडी दुसऱ्या कुंड्यांच्या मध्ये सरकवा. आणि डिसेंबर-जानेवारीत पुण्यात फुलं कमी होणारच. रात्रीचा पारा दहा-बारावर आला की अबोली वाढ थांबवते, आमच्या किनाऱ्यावर तेवढी थंडी पडत नाही म्हणून ती बाराही महिने फुलते. त्या दोन महिन्यांत खत देऊन तिला उठवायला जाऊ नका.

तुमच्या प्रश्नात एक वाक्य आहे, 'फुलं तोडवत नाहीत, झाडावरच छान दिसतात.' कणसं आखूड होण्याचं निम्मं कारण मला इथेच दिसतं. अबोलीचं कणीस खालून वर उमलत जातं, एका वेळी दोन-चार फुलं. फुलं झाडावरच राहिली तर गावठी अबोली बी धरायला लागते आणि तिची ताकद तिकडे जाते. एक दिवसाआड सकाळी उमललेली फुलं काढत जा, आणि कणीस टोकापर्यंत फुलून झालं की ते देठासकट, खालच्या पानांच्या जोडीच्या वर छाटा. त्या जोडीच्या बेचक्यांतून दोन नवी कणसं येतात. बियांसाठी फार तर एक-दोन कणसं राखा. आमच्याकडच्या बायका रोज फुलं काढतात, म्हणून ती झाडं रोज फुलतात.

खताचं प्रमाण कमी ठेवा. डीएपी कुंडीत नकोच, क्षार साठतात आणि त्यातल्या जास्तीच्या स्फुरदाने (फॉस्फरसने) लोह आणखी अडकतं. महिन्याला एक मूठ गांडूळखत, आणि पंधरा दिवसांनी शेंगदाणा पेंड चार दिवस भिजवून त्याचं दहापट पातळ केलेलं पाणी कपभर. साठलेला क्षार काढायला कुंडी नव्याने भरेपर्यंत एकदा भरपूर पाणी ओतून खालून वाहू द्या, पावसाचं असेल तर फारच छान. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. थोडे असतील तर ओल्या कापसाने पुसून काढा, जास्त असतील तर लिटरला पाच मिली निंबोळी तेल थोड्या साबणाच्या पाण्यात फेटून फवारा. मुंग्यांची रांग झाडावर चढताना दिसली की पिठ्या शोधायचा, तो असतोच.

औषधाचंही तुम्ही शेवटी विचारलंय. अबोली अडुळसा आणि कोरांटीच्या कुळातली आहे, म्हणून लोक तिचाही काढा करायला बघतात. खोकल्याला अडुळसा घ्या. अबोलीची जागा केसात आणि देवापुढे आहे.

म्हणजे क्रम असा धरा: या आठवड्यात कलमं खोचा, मग कुंडी उलटी करून मुळं बघा, त्याप्रमाणे छाटणी आणि नवी माती, कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर हिराकस, आणि राख, टरफलं, डीएपी बंद.

गणपतीचं मात्र खरं सांगतो. आत्ता छाटलेलं झाड चांगलं सावरलं तर दीड-दोन महिन्यांत कणसं धरेल, पण एका झाडाच्या फुलांत वळेसर होत नाही. हातभर वळेसराला माझ्या बायकोला सव्वाशे-दीडशे फुलं लागतात. एक बऱ्यापैकी कुंडीतलं झाड दिवसाआड दहा-पंधरा देतं. म्हणजे आठ-दहा झाडं हवीत. तुमची कलमं पुढच्या गणपतीला नक्की तेवढी होतील. यंदा करायचाच असेल तर कणसं लागलेली सात-आठ रोपं नर्सरीतून आत्ताच आणा, पिशवी थोडी फाडून मुळांवर गाठी नाहीत ना ते तिथेच बघा, आणि महिनाभर आईच्या झाडापासून लांब ठेवा. अबोलीला वास नाही, पण ती टिकते. दोन तोडींची फुलं ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवली तर एकत्र करता येतात, जाईजुईचं तसं होत नाही.

गुंफताना दोरा सुती घेऊ नका, केळीच्या सोपाचा धागा पाण्यात भिजवून घ्या. अबोलीचं फूल लांब बारीक नळीवर असतं आणि ती नळी सुती दोऱ्याने चटकन कापली जाते. दोन फुलं डावीकडे तोंड करून, दोन उजवीकडे, नळ्या एकमेकींवर आडव्या ठेवा, धाग्याचा एक वेढा, दुसरा वेढा त्याच्याखालून काढून हलकेच ओढा, पुढची चार फुलं अगदी चिकटून. दर चार-पाच जोड्यांमागे मरव्याची एक काडी घाला, वास तिचा येतो. आई आल्या की पहिली चार फुलं त्यांच्याकडूनच बांधून घ्या. वेंगुर्ल्याच्या बाईला ओढ किती द्यायची ते सांगावं लागत नाही, आणि तुम्हाला ते त्यांच्या बोटांकडे बघूनच कळेल.